फोर-के टीव्ही घेतला तरी पिक्चर धुरकट, अन् नीट केलं तरी परत तसंच: कुठं कुठं बघायचं

टीव्ही नवीन, बिलावर फोर-के लिहिलेलं, नेटचा प्लॅन पण चांगला दणदणीत, अन् तरी रात्री जेवण करून पिक्चर लावला की हिरोच्या तोंडावर साय धरल्यासारखं दिसून राहिलं. मग कोणी सांगतं केबल बदला, कोणी सांगतं शार्पनेस वाढवा, कोणी म्हणतं कंपनीच फालतू आहे. दोन दिवस बरं वाटतं अन् परत तेच. मी ओळखीच्यांकडे जितक्या ठिकाणी हा प्रॉब्लेम बघितला तिथं पॅनल, म्हणजे टीव्हीची स्क्रीन, खराब असं क्वचितच निघालं. बहुतेक वेळा पॅनलपर्यंत एचडी पोचतच नसतं, नाहीतर पोचलेलं टीव्हीच बिघडवून दाखवत असतो. म्हणून नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन दुसऱ्या टीव्हीचे भाव काढायच्या आधी हे वाचून घ्या, अन् रिमोट हातात घेऊनच वाचा.

पहिले एवढंच बघा की धुरकट कधी दिसतं. सगळ्याच गोष्टी नेहमीच धुरकट असतील तर वायर, बॉक्स नाहीतर आउटपुटची सेटिंग. दुपारी चांगलं अन् रात्री नऊनंतर खराब होत असेल तर नेट. एकाच ॲपवर खराब अन् बाकी मस्त तर त्या ॲपचा प्लॅन किंवा तुमचा बॉक्स. माणूस उभा असताना चांगला दिसतो पण चालायला लागला की फाटतो, तर मोशनची सेटिंग. अन् फक्त अंधाराचे सीन दिसत नसतील तर तो एचडीआरचा (जास्त उजेड अन् जास्त अंधार दाखवणाऱ्या व्हिडिओचा) वेगळा किस्सा आहे, खाली सांगतो. हे न ठरवता सगळी बटणं दाबत बसलं की काय केल्यानं सुधारलं तेच कळत नाही, अन् पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरू.

चेक करायचा सोपा उपाय म्हणजे टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये कोणताही फोर-के व्हिडिओ लावा, क्वालिटीत २१६०पी निवडा अन् सेटिंगमधून स्टॅट्स फॉर नर्ड्स चालू करा. कोपऱ्यात आकडे येतात, त्यात ३८४०×२१६० दिसलं म्हणजे तेवढं खरंच येऊन राहिलं. तेव्हा चित्र एकदम खणखणीत असेल तर टीव्हीला दोष देणं बंद करा, भानगड दुसरीकडे आहे. स्टिक (एचडीएमआयमध्ये खोचून ॲप चालवायची कांडी) किंवा सेट-टॉप बॉक्स लावला असेल तर रिमोटचं इन्फो बटण दाबून बघा, बऱ्याच टीव्हीत आत येणारा सिग्नल १९२०×१०८० आहे की ७२०×५७६, ते लिहून येतं.

आता सेट-टॉप बॉक्सचं. हे ऐकून हसाल, पण अजूनही कितीतरी घरी एचडी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरनं जोडलेला असतो. मनीष नगरमधल्या एका काकूंकडे बघायला गेलो होतो, त्यांचं म्हणणं एकच, "अरे भाऊ, एचडीचे पैसे तर दर महिन्याला भरून राहिलो ना आम्ही?" टीव्हीचा कोपरा थोडा पुढं ओढला तर मागं जुन्या डब्बा टीव्हीच्या वेळच्याच तीन पिना खोचलेल्या, त्यावर धुळीचा थर, अन् बॉक्सचं एचडीएमआयचं भोक कोरं करकरीत, आतला प्लास्टिकचा कागद पण काढला नव्हता. त्या पिवळ्या वायरमधून एचडी जातच नाही, कितीही महागडा पॅक घ्या. त्यातून येतं आपलं जुनं पाल सिस्टिमचं चित्र, ७२०×५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर ठिपके. फोर-के पॅनलवर ठिपके असतात जवळपास ८३ लाख. हिशोब केला तर बरोबर २० पट, म्हणजे आलेल्या एका ठिपक्यामागं बाकीचे १९ टीव्ही स्वतःच्या अंदाजानं भरून राहिला, मग धुरकट नाही दिसणार तर काय होणार. उलट फुल एचडी आलं, म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपके, तर टीव्हीला एकामागं तीनच भरावे लागतात, अन् तेवढं काम आजकालचे टीव्ही चांगलं करतात. म्हणून फुल एचडी पिक्चर फोर-के टीव्हीवर मस्त दिसतो, अन् साधं चॅनेल त्याच टीव्हीवर जुन्या टीव्हीपेक्षाही वाईट दिसतं.

एचडीएमआय लावल्यावरही दोन गोष्टी राहतात. एक, बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत आउटपुट रिझोल्युशन असतं, ते कधीकधी ५७६ वरच पडलेलं असतं, ते १०८०आय किंवा त्याच्या वरचं जे असेल ते करा. बॉक्स रीसेट झाला की ही सेटिंग परत खाली जाऊ शकते, म्हणून "मागच्या महिन्यात तर केलं होतं" असं म्हणू नका, परत जाऊन बघा. दोन, एचडी चॅनेलचा नंबर वेगळा असतो अन् साध्याचा वेगळा, अन् घरात सगळ्यांना जुनाच नंबर पाठ असतो. आजी तोच दाबणार. एचडीचे नंबर फेव्हरेटमध्ये टाकून द्या, विषय संपला.

रात्रीचा प्रॉब्लेम. ओटीटी ॲप पिक्चर एकाच क्वालिटीत पाठवत नाही, नेट जसं मिळेल तसं वर-खाली करतं. म्हणूनच सुरू केल्यावर पहिले काही सेकंद गढूळ दिसतं अन् मग साफ होतं, ते नॉर्मल आहे. पण पिक्चरच्या मधातच चेहरा चौकोनी चौकोनी व्हायला लागला की समजायचं टीव्हीपर्यंत डेटा कमी येऊन राहिला. नेटफ्लिक्स स्वतः १०८०पी साठी ५ एमबीपीएस अन् फोर-के साठी १५ एमबीपीएस सांगतं, म्हणजे आपल्या शंभरच्या प्लॅनपुढं काहीच नाही. पण ते शंभर राउटरपाशी असतात हो, टीव्हीपाशी नाही. मोबाइल घेऊन टीव्हीच्या अगदी बाजूला उभं राहायचं, घरातलंच वायफाय जोडायचं, अन् फास्ट डॉट कॉम उघडायचं, रात्री साडेनऊला, दुपारी नाही. ही साइट नेटफ्लिक्सचीच आहे. राउटरपाशी भरपूर अन् टीव्हीपाशी कमी आलं तर गडबड घरात आहे. दोन्हीकडे कमी आलं तर नेटवाल्याला फोन करा, अन् आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवा, नुसतं "स्लो आहे भाऊ" म्हटलं की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो अन् फोन ठेवून देतो.

घरातली गडबड म्हणजे काय, तर फ्लॅट सिस्टिममध्ये २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ अन् ११, अन् त्यावर आख्ख्या बिल्डिंगचे राउटर बसलेले. ५ गिगाहर्ट्झवर जागा खूप आहे पण ते भिंतीतून नीट जात नाही. आता यात आपला नागपुरी अँगल. एप्रिल लागला की बऱ्याच जणांचं टीव्हीवरचं नेट खराब होतं अन् पावसाळ्यात आपोआप नीट होतं. त्रिमूर्ती नगरला एका मित्राकडे हेच. तो म्हणे उन्हाळ्यात पोरांना सुट्ट्या लागतात, सगळे मोबाइलवर, म्हणून लोड येते. तेही असेल. पण त्याचा राउटर खिडकीजवळच्या फळीवर, अन् मार्च संपला की त्याच खिडकीत भला मोठा लोखंडी कूलर येऊन बसतो, टाकी पाण्यानं भरलेली, अन् टीव्ही त्या कूलरच्या पलीकडे. लोखंडाचा पत्रा वायफाय अडवतो अन् पाणी ते शोषून घेतं, दोन्ही एकाच डब्यात समोर आणून ठेवल्यावर ५ गिगाहर्ट्झ टिकणार कसं? राउटर उचलून कपाटावर ठेवला, कूलरच्या वरून सरळ टीव्ही दिसेल असा, अन् काम झालं. तेही जमत नसेल तर सरळ लॅनची वायर ओढून टीव्हीत खुपसा. बऱ्याच टीव्हीचं लॅनचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं पण फोर-के स्ट्रीमिंगला तेवढं रग्गड होतं.

अजून एक उन्हाळ्याचंच, टीव्हीच्या मागं चिकटवलेली स्टिक. बाहेर ४५ डिग्री, टीव्हीची पाठ गरम, मधात ती स्टिक, हवा कुठूनच नाही. तापली की ती हळू होते, अडखळते. सोबत आलेली छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन वायर लोक डब्यातच सोडून देतात, ती लावून स्टिक बाहेर लटकवा.

एकाच ॲपवर खराब असेल तर आधी प्लॅन बघा. नेटफ्लिक्सच्या बेसिकमध्ये ७२०पी येतं, स्टँडर्डमध्ये १०८०पी, फोर-के फक्त प्रीमियममध्ये. मोबाइलच्या रिचार्जसोबत फुकट मिळालेल्या सबस्क्रिप्शनचं पण असंच, त्यात किती क्वालिटी आहे ते वाचून घ्या. प्लॅन बरोबर असूनही चित्र घाण येत असेल अन् तुमच्याकडे बिनानावाचा स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स असेल तर त्याचं वाइडवाइन, म्हणजे पिक्चरची कॉपी अडवणारं कुलूप, एल१ आहे की एल३ ते बघा. एल३ असेल तर बहुतेक ॲप त्याला एचडी देतच नाहीत, चोरी होऊ नये म्हणून, अन् त्यावर कोणतीही सेटिंग चालत नाही, बॉक्सच बदलावा लागतो. मोबाइलची स्क्रीन मिरर करून पिक्चर बघणाऱ्यांनी पण तो नाद सोडावा. मिररमध्ये मोबाइल स्वतःची स्क्रीन परत दाबून-दुबून पाठवतो. कास्टच्या बटणानं पाठवलं की टीव्ही सरळ नेटवरून ओढतो, दोन्हीत खूप फरक आहे.

स्टिक फोर-के, टीव्ही फोर-के, अन् तरी सेटिंगमध्ये १०८०पी च्या वर ऑप्शनच येत नाही असंही होतं. मधात जुना साउंडबार असेल तर तो काढून स्टिक डायरेक्ट टीव्हीत लावून बघा, फोर-के पिक्चरला एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवर कॉपी अडवणारं कुलूप) लागतं अन् साखळीतलं एक जरी जुनं निघालं तरी ॲप खाली उतरतं. तरी नाही जमलं तर टीव्हीत त्या पोर्टची एक सेटिंग असते, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत डीप कलर, ती चालू करा.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट, केलेली सेटिंग परत जाते. लोक म्हणतात टीव्हीत व्हायरस आहे. व्हायरस नाही हो. टीव्ही प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतो. एचडीएमआय १ वर तुम्ही सगळं मस्त जमवलं अन् पिक्चर टीव्हीच्या आतल्या ॲपवर लावला तर तिथं जुनंच राहणार. त्याच्याही वर, साध्या व्हिडिओची सेटिंग वेगळी, एचडीआर१० ची वेगळी, अन् डॉल्बी व्हिजनची (तोही एचडीआरचाच प्रकार) अजून वेगळी. म्हणजे काल साध्या पिक्चरवर नीट केलं अन् आज एचडीआरचा पिक्चर लागला की सगळं परत विस्कटलेलं दिसतं. उपाय असा की तिन्ही प्रकारचा एकेक पिक्चर लावायचा, तो चालू असतानाच सेटिंगमध्ये जायचं अन् एकदाची करून टाकायची. मेनूत ऑल इनपुट्सला लावायचा ऑप्शन असेल तर तो पण दाबा. अन् सेटिंग काही मिनिटांतच उडत असेल, आपोआप भडक होत असेल, तर टीव्ही दुकानाच्या डेमो मोडवर राहिलेला आहे, बसवणाऱ्या पोरानं घाईत स्टोअर निवडून दिलेलं असतं. जनरल सेटिंगमध्ये जाऊन होम मोड करा.

मोड कोणता ठेवायचा म्हणाल तर पिक्चरसाठी सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड, हा फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्सनं २०१९ मध्ये आणला. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, घरचे बोंबलतील की टीव्ही जुना झाला का. आठवडाभर राहू द्या, मग व्हिव्हिड लावून बघा, माणसांची तोंडं निळी दिसतील.

शार्पनेसबद्दल माझं मत ठाम आहे, वाढवणं म्हणजे वाट लावणं. पटत नसेल तर पिक्चर पॉज करा, टीव्हीपासून हातभर अंतरावर जा अन् सबटायटलची अक्षरं किंवा हिरोच्या खांद्याची कड बघा. शार्पनेस जास्त असेल तर काळ्या कडेच्या बाजूनं एक बारीक पांढरी रेघ दिसेल, जणू कोणी पेनानं गिरवलं. ती रेघ कॅमेऱ्यात नव्हती, टीव्हीनं काढलेली आहे, अन् लांबून तीच रेघ चेहरा खरबरीत करते. ती जाईपर्यंत शार्पनेस खाली आणा, अक्षर स्वतः मऊ व्हायला लागलं की थांबा. कोणता आकडा ते कंपनीवर आहे, काहींत शून्य, सोनीत ५० च्या जवळपास. नॉइज रिडक्शन पण चांगल्या प्रिंटला बंदच ठेवा, कातडीचा पोतच पुसून टाकतं ते.

ओव्हरस्कॅन बघायचं असेल तर न्यूज चॅनेल लावा. खालची पट्टी किंवा कोपऱ्यातलं घड्याळ कापलं जाऊन राहिलं असेल तर टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतो, अन् फुगवलं की ठिपक्याला ठिपका जुळत नाही, सगळंच जरासं ढिलं पडतं. एलजीत जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, सोनीत डिस्प्ले एरिया, ते नीट करा. अन् वर-खाली काळ्या पट्ट्या येतात म्हणून झूम करणाऱ्या काकांना हात जोडून सांगतो, पिक्चर २.३९:१ मध्ये शूट झालेला असतो, पट्ट्या येणारच. १०८० मधल्या ८०० च्या आसपास ओळींतच चित्र असतं, झूम केलं की बाजूचं कापलं पण जातं अन् उरलेलं ताणलं पण जातं.

हलताना फाटतं किंवा झटके बसतात, त्याचं कारण असं की पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो अन् स्टिक सहसा ६० हर्ट्झवर पाठवते. २४ चे ६० करताना एक फ्रेम दोनदा, दुसरी तीनदा दाखवावी लागते, म्हणून कॅमेरा आडवा फिरला की हिसके बसतात. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॅच फ्रेम रेटसारखा ऑप्शन असतो तो चालू करा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, ट्रूमोशन म्हणा, मोशनफ्लो म्हणा, ऑटो मोशन प्लस म्हणा, क्रिकेटला राहू द्या, पिक्चरला बंद. ते चालू असलं की करोडोंचा पिक्चर दुपारच्या मालिकेसारखा दिसतो अन् मारामारीत हाताच्या कडेला पाण्यासारखं काहीतरी थरथरतं.

अंधाराचे सीन. आधी इको मोड अन् लाइट सेन्सर बंद करा, अर्ध्या घरांत तेवढ्यानंच जमतं. मग एचडीआर. एचडीआरचे पिक्चर सहसा १००० निट्स (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) किंवा त्याच्याही वर प्रकाश धरून बनवतात, अन् बजेट टीव्ही जेमतेम २५०-३०० निट्सचा असतो, डब्यावर एचडीआरचा स्टिकर असला म्हणून उजेड वाढत नाही. डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे टीव्हीला झेपेल तसा उजेड बसवणारी सेटिंग, चालू करा, तरी नाही जमलं तर स्टिकमधून एचडीआर बंदच करून बघा. स्वस्त पॅनलवर साधा एसडीआर, म्हणजे बिना-एचडीआरचा व्हिडिओ, बऱ्याचदा जास्त चांगला दिसतो, हे दुकानदार सांगणार नाही. स्टिकमध्ये ऑलवेज एचडीआर असेल तर ते अॅडॅप्टिव्ह करा, नाहीतर साधे पिक्चर पण फिकट दिसतात. काळा रंग राखाडी दिसत असेल तर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल ऑटोवरून बदलून बघा, लो अन् नॉर्मल दोन्ही. अन् दुपारी बघत असाल तर पडदे लावा राजेहो, नागपूरच्या उन्हापुढं कोणता टीव्ही टिकणार.

पेनड्राइव्हवाल्यांसाठी. फाइल कुठून आणली ते मी विचारत नाही, पण दोन तासांचा पिक्चर ९०० एमबीत बसवला असेल तर तो सेकंदाला १ मेगाबिट झाला. ब्लू-रेमध्ये १०८०पी ला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. नावात १०८०पी लिहिलं म्हणून डोळ्याला १०८०पी दिसत नाही, धूर, पाऊस, गर्दी आली की चौकोन पडणारच, अन् त्याला टीव्हीत इलाज नाही. जुन्या मराठी पिक्चरचं पण तसंच. मूळ निगेटिव्ह ३५ एमएमचं होतं, त्यात भरपूर डिटेल आहे, पण नेटवरच्या बऱ्याच प्रिंट जुन्या व्हिडिओ टेपवरून उतरवलेल्या आहेत, अन् नंतर फुगवून वर फोर-के लिहिलेलं. निगेटिव्हवरून नव्यानं स्कॅन केलेली प्रिंट मिळाली तर फरक डोळ्यांनीच कळतो. फुगवलेल्या प्रिंटला सिनेमा मोड, शार्पनेस कमी, अन् जरा लांबून बघा.

लांबून बघण्यावरून, ४३ इंची टीव्ही साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडून बघत असाल तर नॉर्मल डोळ्याला फुल एचडी अन् फोर-के मध्ये ठिपक्यांचा फरक जवळपास कळतच नाही, ५५ इंचीला हेच अंतर सात फूट. आपले हॉल दहा-बारा फुटांचे अन् सोफा पार शेवटच्या भिंतीला, त्यामुळं रिझोल्युशनपेक्षा काळा किती काळा अन् उजेड किती, यावर पैसे टाकलेले बरे. अन् घेताना फोर-के सपोर्टेड या शब्दाकडे नीट बघा. फोर-के व्हिडिओ चालतो, पण पॅनल १३६६×७६८ चा, असे टीव्ही विकले जातात. नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे पॅनलवर खरे ठिपके, किती ते मॉडेल नंबर टाकून बघून घ्या.

हे सगळं करून पण जात नसेल तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. तो टीव्ही स्वतः काढतो, त्याचा नेट, स्टिक, वायर कशाशीच संबंध नाही. मेनूची अक्षरं साफ असतील तर पॅनल ठीक आहे, परत बाहेरच्या वस्तू बघा. मेनूवर पण उभी रेघ, काळसर डाग किंवा एका बाजूला अंधार दिसला तर ते पॅनल नाहीतर बॅकलाइटचं काम आहे. मेनू उघडा ठेवून मोबाइलनं त्या रेघेचा किंवा डागाचा फोटो काढा, बिल अन् वॉरंटी कार्ड शोधा, अन् मेकॅनिकला फोनवर पहिलं वाक्यच हे सांगा की मेनूवर पण दिसून राहिलं, म्हणजे तो एचडीएमआयची वायर काढ-घाल करून व्हिजिट चार्ज घेऊन जाणार नाही.